पहिला नंबर कडक कॉलरचा

३ मार्च, सोमवार

आज माझ्या टेबलावर पाटी लागली : 'वैद्यकीय मजकूर विभाग – प्रमुख'. विभागात मी एकटीच, त्यामुळे प्रमुखही मी आणि प्रमुखाची बोलणी खाणारीही मीच. पण पाटी ती पाटी! लगेच फोटो काढून आईला पाठवला. आई पाळणाघरात मुलं सांभाळते. मुलांना न्यायला आलेल्या प्रत्येक बाईला तिनं तो फोटो दाखवला म्हणे, आणि एका झोपलेल्या बाळालासुद्धा.

आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. बाबांना तो शब्द एका दमात म्हणता येत नाही, म्हणून लॉन्ड्रीत ते सांगतात, "पोरगी डॉक्टरकीच्या बाजूलाच आहे." मी म्हटलं, बाबा, मी डॉक्टर नाही हो. तर म्हणाले, "बाजूला म्हटलंय मी. आहेस ना बाजूला?"

आम्ही 'झरा' नावाचं मोबाईल ॲप बनवतोय. ज्यांना मुतखडे पुन्हा पुन्हा होतात त्यांनी भरपूर पाणी प्यावं, ही मूळ कल्पना. पण आमच्या मालकांनी परवा ठरवलं की एवढ्यावर थांबायचं नाही, लघवीच्या सगळ्याच तक्रारींसाठी ॲप करायचं. मालकांना आम्ही पाठीमागे कप्तान म्हणतो, कारण कुणी शंका काढली की ते म्हणतात, "जहाज निघालं की निघालं." ते म्हणाले, "मुतखडा मूठभरांना होतो, लघवी सगळ्यांना होते." सगळे हसले. मला मुद्दा पटलासुद्धा. जितके जास्त लोक, तितकी जास्त सेवा.

लोक ज्याबद्दल तोंड उघडत नाहीत त्या विषयावर मी काम करतेय याचा मला अभिमान वाटतो. हे इथं लिहून ठेवते, कारण ऑफिसात म्हटलं तर हसतील.

६ मार्च, गुरुवार

माझी कल्पना मंजूर झाली!

अडचण अशी होती की माणूस खरंच पाणी प्यायला हे फोनला कळणार कसं? न पिताच कुणीही बटण दाबेल. मी म्हटलं, पाणी आत गेलं तर बाहेरही येणारच. मग प्रत्येक पेल्याला एक थेंब, म्हणजे एक गुण, द्यायचा आणि बाथरूमच्या प्रत्येक फेरीला दोन. ज्याचे थेंब जास्त, तो यादीत वर. यादीचं नाव 'आघाडीचे झरे'.

"दर वेळी किती झाली, तेही विचारायचं का?" गप्पू म्हणाला. गप्पू म्हणजे आमचा प्रोग्रामर. दिवसाला चार वाक्यं बोलतो, म्हणून गप्पू.

"अरे, लोक काय मापाचं भांडं घेऊन आत जाणार? ई!" कप्तान म्हणाले. "एक बटण, एक फेरी. संपलं."

मलाही ते जरा किळसवाणंच वाटलं. मी कप्तानांच्या बाजूनं मान हलवली. गप्पूनं पुढं काही म्हटलं नाही. तसंही त्याची आजची चार वाक्यं संपली असावीत.

१४ मार्च, शुक्रवार

बाहेर सोडायच्या आधी ॲप आपापल्या घरच्यांना वापरायला द्यायचं ठरलंय. आज बाबांच्या फोनवर टाकलं. यादीत खरं नाव दिसत नाही, टोपणनाव घ्यावं लागतं. बाबांनी बराच विचार करून 'कडक कॉलर' घेतलं. ते लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभे असतात. त्यांनी इस्त्री केलेल्या शर्टाची कॉलर माणूस वाकला तरी वाकत नाही, असं त्यांचे दोस्त म्हणतात.

"यात पहिला नंबर आला तर काय मिळतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. मान."

"मग आणतो की. तुझी लाज राखायला नको का?"

आई म्हणाली, "एवढ्या हौसेनं कधी घरातला बल्ब नाही बदलला."

१९ मार्च, बुधवार

बाबा यादीत तिसरे! वर फक्त कप्तानांची सासू आणि गप्पू. गप्पू फसवतोय असा मला संशय आहे. तो दिवसभर खुर्चीतून उठत नाही.

बाबांची निष्ठा बघून मला भरून येतं. रात्री झोपेतून उठूनसुद्धा ते बटण दाबतात. सकाळी नोंदी बघितल्या तर रात्रीच्याच चार-पाच. लॉन्ड्रीत दोस्तांनी त्यांचं नाव 'पाणीपुरवठा खातं' ठेवलंय, कारण ते सारखे इस्त्री सोडून आत पळतात. बाबा सांगताना हसले. मीही हसले. माझ्या कामासाठी माणूस किती थट्टा सहन करतो!

२५ मार्च, मंगळवार

सकाळी आईची कटकट. "फोन घेऊन आत जातात आणि अर्धा अर्धा तास बाहेर येत नाहीत. मुलं वाट बघतायत तिकडं माझी. काय लिहितात एवढं, आत्मचरित्र?"

मी बाबांची बाजू घेतली. म्हटलं, नोंद नीट करायची तर वेळ लागतोच.

संध्याकाळी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ शर्टाची बाही सरळ करत होते. मग म्हणाले, "काय गं, फार वेळा जावं लागणं, हे चांगलंच ना?"

"उत्तमच, बाबा! म्हणजे आत सगळं धुऊन निघतंय."

"आणि पोट जरा तट्ट वाटतं."

"एवढं पाणी पिताय, वाटणारच."

"तसंच म्हटलं मी," असं म्हणून ते उठले. "तू आहेस म्हणून विचारलं. डॉक्टरकडं कोण जातंय एवढ्याशासाठी."

त्यांनी डॉक्टरऐवजी मला विचारलं, याचं मला फार बरं वाटलं. जेवण मात्र त्यांचं कमी झालंय. उन्हाळ्यामुळे असेल.

१ एप्रिल, मंगळवार

आज एका गोष्टीवरून कप्तानांशी पहिल्यांदाच वाजलं. ॲपच्या पहिल्या पडद्यावर एक हिरवा शिक्का आलाय : 'तज्ज्ञांनी तपासलेले'. मी विचारलं, कुठल्या तज्ज्ञांनी? कप्तानांनी फोन पुढे केला. त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना त्यांनी ॲपची माहिती पाठवली होती आणि डॉक्टरांनी उलट एक उंचावलेला अंगठा पाठवला होता. ते डोळ्यांचे डॉक्टर निघाले.

"सर, हे तपासणं झालं का?"

"मॅडम, डॉक्टर तो डॉक्टर. आणि पंधरा तारखेला जहाज निघायचंय."

मी म्हटलं, मला मूत्रविकारांचे खरे तज्ज्ञ आणू द्या, मजकूर मी लिहिलाय तर जबाबदारी माझी. ते म्हणाले, आणा, पण पटकन आणा आणि काही बदलायला लावणारे नकोत.

संध्याकाळपर्यंत तीन दवाखान्यांत जाऊन आले. एका ठिकाणी औषधं विकणारी समजून बाहेर बसवलं, दुसरीकडं पेशंट समजून आत घेतलं. तिसरीकडं एक डॉक्टरबाई आहेत. लघवीच्या विकारांच्या सर्जन, आणि बाई! त्या म्हणाल्या, "शुक्रवारी ये. फोन चार्ज करून आण. नुसता माझ्याबरोबर फोटो काढायला येणार असशील तर येऊ नकोस."

४ एप्रिल, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहिते, कारण तसं लिहिलं नाही तर मला स्वतःलाच समजणार नाही.

डॉक्टरबाईंची खोली अरुंद. खिडकीत मापाच्या खुणा असलेले प्लास्टिकचे जग एकावर एक रचलेले. त्यांनी माझा फोन घेतला, चष्मा डोक्यावर सरकवला आणि पहिल्या पडद्यापासून एकेक शब्द वाचला. शिक्क्याचं मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "डोळ्यांच्या डॉक्टरांनी निदान डोळे तरी उघडायचे."

मग म्हणाल्या, "कापड कापलंत, शिवलंत, बटणं लावलीत आणि आता मला माप घ्यायला बोलावताय होय?" मला वाईट वाटलं, पण मी फेऱ्यांच्या थेंबांची कल्पना सांगितली. मला वाटलं, ही त्यांना आवडेल.

त्यांनी यादी उघडली. "हा पहिला कोण? कडक कॉलर?"

माझी छाती अशी फुगली! "माझे बाबा."

"वय?"

"अठ्ठावन्न."

त्यांनी बाबांच्या नोंदी उघडल्या. बोटानं वर सरकवत राहिल्या. "रात्री पण?"

"हो! झोपेतून उठून बटण दाबतात."

त्या हसल्या नाहीत. "आत किती वेळ असतात?"

"बराच. आई रागावते."

"पोटाबद्दल काही म्हणाले?"

"तट्ट वाटतं म्हणाले."

"जेवण?"

मी उत्तरं देत होते आणि प्रत्येक उत्तराबरोबर माझा आवाज बारीक होत चालला होता. आपण काय सांगतोय ते सांगता सांगताच मला ऐकू यायला लागलं.

"फोन लाव त्यांना. आत्ता इथं बोलाव."

"उद्या त्यांना अर्धा दिवस असतो, उद्या आणते."

"आत्ता, बाळ."

बाबा लॉन्ड्रीच्या ॲप्रनमध्येच आले. मला वाटतं, त्यांना वाटलं मलाच काहीतरी झालंय. डॉक्टरबाईंनी त्यांच्या पोटावर नुसता हात ठेवला आणि म्हणाल्या, "काका, आत जाऊन या, जमेल तेवढं मोकळं होऊन या." ते आले. मग सोनोग्राफी. मोकळं होऊन आलेल्या माणसाच्या मूत्राशयात जवळजवळ लिटरभर शिल्लक होतं. प्रोस्टेटची ग्रंथी वाढून वाट अडलेली. भरलेल्या भांड्यातून सांडावं तसं तेवढंच वरचं वर बाहेर येत होतं, पुन्हा पुन्हा, थोडं थोडं. आणि त्या प्रत्येक सांडण्याला मी दोन थेंब देत होते.

दोन्ही मूत्रपिंडांना सूज आहे. नळी घातली. बाबा तिथंच दाखल आहेत.

५ एप्रिल, शनिवार

रक्ताचे रिपोर्ट आले. मूत्रपिंडांवर ताण आलाय, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून हातचं गेलेलं नाही. आणखी काही आठवडे असंच पाणी ढोसत राहिले असते तर गेलं असतं.

आई मला एक शब्द बोलली नाही. तिनं माझा डबा भरून आणला होता, माझ्यासमोर उघडून ठेवला आणि म्हणाली, "खा." त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं.

गप्पू आला होता. म्हणाला, चार्जर राहिला होता का बघायला आलो. माझ्याकडे त्याचा चार्जर कधीच नव्हता. विसराळू आहे बिचारा. बाबांशी अर्धा तास गप्पा मारत बसला, तो गप्पू!

८ एप्रिल, मंगळवार

कप्तानांना सगळं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, बाबांसाठी फळं पाठवली. पण पंधरा तारीख हलवणार नाहीत. ॲप विकत घ्यायला तयार असलेले दोन पाहुणे शुक्रवारी येतायत. "पहिल्या पडद्यावर एक ओळ टाकू : डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तुमच्या वडिलांचं एक वेगळं प्रकरण आहे, मॅडम. एका माणसासाठी जहाज थांबवत नाहीत."

संध्याकाळी मी हे बाबांना सांगायला नको होतं, पण सांगितलं. बाबा नळी लावलेल्या अवस्थेत पांघरूण नीट ताणून बसले होते. पलंगावरची चादरसुद्धा त्यांना सुरकुतलेली चालत नाही.

ते म्हणाले, "तू असं सांग, म्हाताऱ्यानं खोटंच भरलं होतं. पहिला नंबर पाहिजे म्हणून उगाच बटणं दाबत बसला. तुझं ॲप बरोबर, मीच लबाड."

"बाबा!"

"मला काय कोण फाशी देतंय? तुझी मात्र नोकरी राहील. पाटी लागलीय तुझी."

मी रडले. ते घाबरले. मग मी त्यांना म्हटलं की तुम्ही एकही बटण खोटं दाबलं नाहीत, सगळ्या यादीत तुम्ही एकटेच पूर्ण खरे होता, आणि म्हणूनच डॉक्टरबाईंना कळलं. आणि मला शुक्रवारी पाहुण्यांना तेच दाखवायचं आहे, तुमच्या नोंदी. पण त्या तुमच्या आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर नाही दाखवणार.

या माणसानं आपला त्रास बायकोलासुद्धा सांगितला नव्हता. लॉन्ड्रीत 'पाठ दुखतेय' म्हणून रजा टाकलीय.

"परक्या लोकांसमोर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तू सांगणार? का ते कप्तान?"

"मी."

"मग दाखव," ते म्हणाले. "आणि कुणाचे म्हणून विचारलं तर बाप आहे म्हणून सांग. लपवायचं काही नाही."

ही नोकरी राहील की नाही मला माहीत नाही. आमच्या घरात ऑफिसात खुर्चीवर बसणारी मी पहिली, ती पाटी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात खुर्ची सोडणारीही पहिली होईन. तरी आज मला जे वाटतंय ते पाटीच्या दिवशीपेक्षा मोठं आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

घडलं ते असं. कप्तानांनी जहाजाचं भाषण केलं. पाहुण्यांत जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक गृहस्थ आणि एक बाई. मग कप्तान म्हणाले, आमच्या वैद्यकीय प्रमुख आता मजकुराबद्दल सांगतील.

मी उभी राहिले. गप्पूला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यानं भिंतीवर बाबांच्या नोंदी लावल्या. थेंबांची रेघ चढत चढत पहिल्या नंबरावर गेलेली.

"हा आमचा सर्वांत यशस्वी वापरकर्ता," मी म्हटलं. "हा सध्या रुग्णालयात आहे." मग सोनोग्राफीत काय दिसलं ते सांगितलं. थेंबांची कल्पना माझी होती हेही सांगितलं. आणि म्हटलं की मुतखड्याच्या माणसाला जे औषध आहे तेच अडलेल्या माणसाला घातक आहे, आणि या दोघांमधला फरक आमच्या ॲपला कळत नाही, कारण ते बनवताना ज्याला तो फरक कळतो असं कुणीही खोलीत नव्हतं. शिक्का मात्र आम्ही लावला.

पाहुण्या बाईंनी विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

"माझे वडील."

कप्तान भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, आता मला बाहेर काढतील. तेवढ्यात गप्पू उठून म्हणाला, "मी यादीत दुसरा होतो. मी सगळं खोटं भरत होतो. ॲपनं मला एकदाही विचारलं नाही." त्या दिवसाचं त्याचं बोलणं बहुधा एवढंच.

जाड भिंगांचे गृहस्थ कप्तानांना म्हणाले, "साहेब, मीही साठीचा आहे."

मग कप्तान खुर्चीत मागे टेकले. त्यांनी मला विचारलं, "त्या डॉक्टरबाई यायला तयार होतील?"

"बोलावलं तर येतील. शेवटी नाही, सुरुवातीला."

"बोलवा," ते म्हणाले. "आणि तो शिक्का काढा रे आधी. नजर जातेय सारखी."

१७ एप्रिल, गुरुवार

पंधरा तारीख गेली, जहाज बंदरातच. डॉक्टरबाई आता दर गुरुवारी येणार; आज पहिल्यांदा आल्या आणि गप्पूच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. आल्या आल्या त्यांनी 'आघाडीचे झरे' पुसायला लावले. "लघवीत कसली आलीय शर्यत?"

मग त्यांनी फळ्यावर आमच्या कामाचा एकच प्रश्न लिहिला : 'काकांना पकडतं का?' ॲप सुंदर आहे का, सोपं आहे का, हे सगळं नंतर. मार्च महिन्यातले बाबा, त्रास लपवणारे, लाजणारे, मुलीला खूश करायला निघालेले; ते उद्या दारात आले तर ॲप त्यांना ओळखून थांबवेल का? जोवर उत्तर 'हो' येत नाही, तोवर त्यांचं नाव त्यावर लागणार नाही.

मी लिहिलेला मजकूर त्यांनी लाल करून टाकला. 'मूत्रविसर्जनाच्या वेळी अवरोध जाणवतो का?' हे वाचून म्हणाल्या, "असं कोण बोलतं गं? तुझे बाबा बोलतात?" मी सगळं पुन्हा लिहितेय. अजिबात वाईट वाटत नाही. माझा एक शब्द कुणीतरी एवढ्या काळजीनं वाचतंय, असं पहिल्यांदाच होतंय.

२९ एप्रिल, मंगळवार

बाबांचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पोटावर टाका नाही. मूत्रपिंडांची सूज उतरलीय. आई आज हसली. म्हणाली, "आता दवाखान्याच्या झग्यालाही कडक कॉलर लावा म्हणतील." बाबांना हसताना दुखलं.

८ मे, गुरुवार

बाबा बरे होऊन पहिल्यांदा ऑफिसात आले, कडक इस्त्रीच्या शर्टात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही मार्चमधले तुम्ही व्हायचं. तेव्हा जे सांगितलं असतंत तेच भरायचं. खोटं तर खोटं."

'लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का?' बाबांनी 'नाही' दाबलं. 'धार बारीक झालीय का?' नाही. 'जोर करावा लागतो का?' नाही. 'झाल्यावरही उरल्यासारखं वाटतं का?' बाबांनी माझ्याकडे बघितलं, कान लाल झाले आणि त्यांनी 'नाही' दाबलं.

पडद्यावर आलं : 'छान! चला, पाणी पिऊया.'

ॲपनं माझ्या बाबांना पुन्हा आत घेतलं होतं. इतकी मेहनत करून, इतक्या शहाण्या माणसांनी मिळून.

"मी चुकीचं दाबलं का?" बाबांनी ओशाळून विचारलं.

"नाही काका, तुम्ही अगदी बरोबर खोटं बोललात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आम्हीच चुकीचं विचारलं."

कप्तान म्हणतील आता पुरे, असं वाटलं. ते म्हणाले, "पुन्हा." फक्त एवढंच.

२२ मे, गुरुवार

गेले दोन आठवडे मी डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात कोपऱ्यात बसून होते, पेशंटची परवानगी घेऊन. त्या कसं विचारतात ते ऐकायला. पुस्तकातले प्रश्न त्या शेवटी विचारतात. आधी विचारतात, काका, सिनेमाला गेलात तर कुठली खुर्ची पकडता? लांबच्या गाडीत बसायच्या आधी काय करता? नव्या ठिकाणी गेलात की सगळ्यात आधी काय शोधता? माणसं हसत हसत खरं सांगतात, कारण यात त्यांना आजार दिसत नाही. मी हे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "लाजेला वळसा घालून जायचं. लाज पाडायला गेलं की माणूस उठून जातो." एवढ्या वर्षांच्या कामातून आलेली ही गोष्ट त्यांच्या बोलण्यात होती. कुठल्याही पुस्तकात ती मला सापडली नसती, आणि आमच्या ऑफिसच्या लांबट खोलीत तर नाहीच.

ते प्रश्न मी लिहिले. त्यांनी तपासले, पाच उडवले, दोन घातले. उत्तरांना किती वजन द्यायचं ते त्यांनी ठरवलं. मग आणखी बऱ्याच पेशंटना विचारून पाहिलं आणि वजनं पुन्हा बदलली. गप्पूनं ते बसवलं.

आज बाबा पुन्हा मार्चमधले झाले. आईही आली होती, पाळणाघरातून सुटी काढून. बाबा आमच्यामध्ये बसले, फोन हातात.

'कार्यक्रमाला गेलात तर कुठे बसायला आवडतं?' बाबांनी विचारसुद्धा केला नाही, 'कडेला, दाराजवळ' दाबलं. 'घरातून निघताना, गरज नसली तरी आधी जाऊन येता का?' "ते तर सगळेच करतात," असं पुटपुटून 'हो'. 'गेल्या महिन्यात पाणी कमी प्यायलात का, म्हणजे मध्येच उठावं लागू नये म्हणून?' बाबा थांबले. म्हणाले, "तुझ्या ॲपच्या आधी मी असंच करायचो गं. लॉन्ड्रीत एवढी उष्णता, तरी पाणी टाळायचो." आणि त्यांनी 'हो' दाबलं. मला हे माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं.

मग जुने प्रश्न आले. तिथं ते पुन्हा लबाडच झाले. सगळीकडं नाही, नाही, नाही.

पडदा क्षणभर कोरा राहिला. मी गप्पूची बाही धरली होती हे मला नंतर कळलं. त्यानं ती सोडवून घेतली नाही.

मग अक्षरं आली. ती मी लिहिलीत आणि डॉक्टरबाईंनी शब्द न् शब्द पाहिलाय :

'हे ॲप तुमच्यासाठी नाही. जास्त पाणी पिऊ नका. आजच मूत्रविकारांच्या डॉक्टरांना भेटा. यात लाजण्यासारखं काही नाही. लवकर गेलात तर सहज बरं होतं.'

खाली पुढं जायचं बटणच नव्हतं.

बाबांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मोठ्यानं वाचलं, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. डॉक्टरबाई फळ्याजवळ गेल्या, आपल्या प्रश्नासमोर 'हो' लिहिलं आणि कप्तानांना म्हणाल्या, "आता लावा माझं नाव. खाली हिचं पण लावा."

बाबांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते लॉन्ड्रीतल्या दोस्ताला फोन लावत होते. 'पाठ दुखतेय' म्हणून ज्याला सांगितलं होतं, त्यालाच.

"अरे ऐक," ते म्हणाले. "पाठ नव्हती रे दुखत. ते मी सांगतो तुला सगळं. आधी हे ऐक. माझ्या पोरीनं ॲप केलंय. मी आत जायला बघत होतो, थापा मारल्या, सगळं केलं." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला नाही घेतलं रे तिनं. दारातूनच डॉक्टरकडं पाठवलं."